व्हिनियर्सना कोणती पेस्ट चालते? आधी कड बघा

सांगलीतल्या एका ताईंचा प्रश्न आहे. चार महिन्यांपूर्वी त्यांनी वरच्या समोरच्या सहा दातांवर पोर्सिलेनची व्हिनियर्स, म्हणजे चिनीमातीसारखे पातळ पापुद्रे, बसवून घेतली. मेडिकलमधून 'याने पांढरे राहतील' म्हणून व्हाइटनिंगची पेस्ट मिळाली. दीर म्हणतात, कोळशाची काळी पेस्ट आणून देतो. सासूबाई म्हणतात, कशाला हे सगळं, मीठ-हळद घेऊन बोटाने घास, माझे बघ सत्तरीत शाबूत आहेत. बसवल्या दिवसापासून गुलाबी माऊथवॉश रोज दोनदा चालू आहे. आणि आता पंधरा दिवसांपासून सहाही दातांच्या हिरडीकडच्या कडेला बारीक तपकिरी रेघ दिसायला लागली आहे. 'डॉक्टर, ही रेघ पेस्टने आली का? आणि व्हिनियर्सना चालणारी पेस्ट कोणती, नावच सांगा.'

ताई, रेघेचा आळ लगेच पेस्टवर घेऊ नका. माझा पहिला संशय त्या गुलाबी बाटलीवर आहे, तिच्याकडे येतो. पेस्टचं उत्तर आधी देऊन टाकतो: फ्लोराइड असलेली, कमी घासणारी, साधी पेस्ट. व्हाइटनिंगची आजपासून बंद. कोळसा, मंजन, मीठ-हळद यांतलं काहीच नको. नाव मात्र सांगत नाही. आपल्याकडे कुठल्याही पेस्टला 'कोलगेट' म्हणायची सवय असली, तरी एकेका कंपनीच्या दहा-दहा प्रकारच्या नळ्या दुकानात असतात, आणि त्यातली एक मऊ तर दुसरी पॉलिश पेपरच्या जवळ जाणारी असू शकते. मी नाव सांगितलं तर तुम्ही त्याच नावाची भलतीच नळी घेऊन याल. तेव्हा नळी वाचायची कशी, ते सांगतो.

व्हिनियर म्हणजे दाताच्या पुढच्या अंगावर चिकटवलेला पोर्सिलेनचा पापुद्रा. जाडी साधारण ०.३ ते ०.७ मिलिमीटर, म्हणजे आपल्या नखाच्या आसपास. एवढा पातळ म्हटल्यावर लोकांना वाटतं, पेस्टने दोन वर्षांत झिजून जाईल. तसं होत नाही. पोर्सिलेन हे दाताच्या स्वतःच्या वरच्या थरापेक्षा, म्हणजे इनॅमलपेक्षा, कठीण असतं. खनिजांचा कठीणपणा सांगणारी मोह्सची १ ते १० अशी मोजपट्टी आहे. तिच्यावर पेस्टमधला खडू, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, ३ वर येतो, इनॅमल ५ च्या जवळपास आणि दाताचं पोर्सिलेन ६ ते ७. शाळेतला खडू खिडकीच्या काचेवर घासला तर काचेला काय होतं? तेवढंच व्हिनियरला होतं.

मग पेस्ट निवडायची कशासाठी? एक म्हणजे वरची चकाकी, आणि दुसरी, मला जास्त महत्त्वाची वाटणारी, कड.

चकाकीचं म्हणाल तर घरातली लोणच्याची चिनीमातीची बरणी आठवा. आत वर्षानुवर्षं कैरी, तेल, हळद, मोहरी मुरली तरी गरम पाण्याने धुतली की बरणी पांढरीस्वच्छ. पण तोंडाशी जिथे टवका उडालेला असतो, तो भाग पिवळा पडलेला असतो आणि नारळाच्या काथ्याने घासला तरी जात नाही. व्हिनियरचंही तसंच. भट्टीतून निघताना त्यावर काचेसारखा गुळगुळीत थर आलेला असतो, काही ठिकाणी आम्ही तो पॉलिश करून आणलेला असतो. तो शाबूत असेपर्यंत चहा, कॉफी, हळद काही धरत नाही. तो खरवडला गेला की व्हिनियर आधी निस्तेज दिसायला लागतं, मग डाग धरायला लागतं. आणि दातावर नैसर्गिकपणे पुन्हा काही चढतं, तसं पोर्सिलेनवर चढत नाही. गेलेली चकाकी दवाखान्यात पॉलिश करूनच परत आणावी लागते.

आता कड. व्हिनियर जिथे संपतं आणि तुमचा दात सुरू होतो, तिथे मध्ये सिमेंटची एक केसासारखी रेघ असते. हे सिमेंट म्हणजे आपलं बांधकामाचं नव्हे; ते रेझिन असतं, एक प्रकारचं प्लॅस्टिक. १९५५ मध्ये मायकेल बुओनोकोर यांनी इनॅमलवर थोडं आम्ल लावून ते खरखरीत केलं की रेझिन त्याला घट्ट धरतं, हे दाखवलं. पोर्सिलेनची आतली बाजूही आम्लाने खरखरीत करून चिकटवायचं तंत्र पुढे १९८० च्या दशकात रुळलं, तेव्हा कुठे ही पातळ व्हिनियर्स टिकायला लागली. म्हणजे सगळा खेळ त्या सिमेंटवर आहे, आणि तेच या सगळ्यात मऊ आहे. त्याच्या एका बाजूला कठीण पोर्सिलेन, दुसऱ्या बाजूला इनॅमल, आणि हिरडी थोडी जरी मागे सरकलेली असेल तर मुळाचं उघडं डेंटिन, म्हणजे दाताचा आतला थर. डेंटिन इनॅमलपेक्षा कितीतरी मऊ. रोज खरखरीत पेस्ट दाबून घासली की पोर्सिलेन तसंच राहतं आणि त्याच्या शेजारी नाली पडते.

मार्केट यार्डातले एक हळदीचे अडते माझ्याकडे यायचे. चार व्हिनियर्स, बसवून दोन वर्षं झालेली. 'डॉक्टर, पिवळी रेघ जाईना' ही तक्रार. आरशात बघितलं तर व्हिनियर्स नवीकोरी, दिव्याचं प्रतिबिंब दिसावं अशी. पण कडेवरून तपासणीची सुई फिरवली तर ती खट्कन अडकली. चारही दातांना तेच. पेस्ट कुठली वापरता, तर चांगली साधी. मग हे कशाने? दहा मिनिटं बोलल्यावर निघालं, की सकाळी घरी पेस्ट, पण दुपारी जेवण झालं की गाळ्यावर बोटाने लाल मंजन. पेस्टने तोंडाला चव राहत नाही म्हणे. मंजनातली माती आणि गेरू कडेवर रोज फिरत होती, आणि झालेल्या नालीत गाळ्यावरची हळद जाऊन बसत होती. हळदीचा डाग उन्हात फिका पडतो हे आपल्याला साडी वाळत घालताना कळतं, पण तोंडात ऊन कुठून आणणार? ती नाली पॉलिश करून, दोन ठिकाणी नवं रेझिन भरून द्यावं लागलं. व्हिनियर्सना बोटही लावावं लागलं नाही.

पेस्ट किती घासते, याचा एक आकडा असतो. त्याला आरडीए म्हणतात. प्रयोगशाळेत मुळाचं डेंटिन किरणोत्सारी करून घेतात, त्यावर यंत्राने पेस्ट आणि ब्रश चालवतात आणि किती डेंटिन निघालं ते मोजतात. ठरलेल्या एका पावडरीला १०० धरलं आहे. बाकी सगळं तिच्या तुलनेत. आंतरराष्ट्रीय मानकाची वरची मर्यादा २५० आहे, आणि ७० च्या आतली पेस्ट कमी घासणारी समजतात. गंमत बघा, हा आकडा मोजतात डेंटिनवर, पोर्सिलेनवर नाही. म्हणून काहीजण म्हणतात की व्हिनियरवाल्यांना त्याचा काय उपयोग. मी म्हणतो, त्यांनाच जास्त उपयोग, कारण त्यांच्या दातांत घाबरण्यासारखं जे आहे ते कडेचं डेंटिन आणि सिमेंटच आहे. मला विचाराल तर व्हिनियर असणाऱ्याने ७०-८० च्या वर जाऊ नये.

अडचण अशी की आपल्याकडच्या नळीवर हा आकडा छापलेला सापडत नाही. मग अंदाज नावावरून आणि घटकांवरून करायचा. पुढच्या बाजूला 'व्हाइटनिंग', 'स्टेन रिमूव्हल', 'स्मोकर्स', 'पॉलिश' यांपैकी काही मोठ्या अक्षरांत असेल तर परत ठेवा. मागच्या बाजूला प्युमिस, परलाइट किंवा ॲल्युमिना दिसलं तरी परत ठेवा. ॲल्युमिना मोह्सच्या पट्टीवर ९ वर आहे, पोर्सिलेनच्याही वर. कॅल्शियम कार्बोनेट असलेली साधी पांढरी पेस्ट दिसली तर पळू नका. ती सहसा सोडियम मोनोफ्लुरोफॉस्फेटबरोबर येते, कारण साधं सोडियम फ्लोराइड खडूबरोबर घातलं तर कॅल्शियमशी जुळून निकामी होतं. हायड्रेटेड सिलिका लिहिलं असेल तर त्यावरून काहीच कळत नाही. सिलिका मऊ प्रतीचीही असते, खरखरीतही. त्यामुळे 'जेल म्हणजे सौम्य' हे साफ चुकीचं आहे. पारदर्शक दिसते म्हणून ती मऊ असते असं नाही.

नळीच्या खालच्या शिवणीवरची रंगीत पट्टी बघून पेस्ट घेणारेही खूप आहेत. हिरवी म्हणजे नैसर्गिक, काळी म्हणजे नुसतं केमिकल, हा व्हॉट्सॲपवरचा शोध. कारखान्यातल्या यंत्राला नळी कुठे कापायची ते कळावं म्हणून ती खूण असते. तिचा आतल्या मालाशी काही संबंध नाही.

सेन्सिटिव्ह दातांसाठीची, पोटॅशियम नायट्रेटवाली पेस्ट व्हिनियरवाल्यांना बहुधा चांगली मानवते, कारण उघड्या मुळांचा विचार करूनच तिच्यातलं घासणारं द्रव्य बेतलेलं असतं. मात्र त्यातही 'सेन्सिटिव्ह व्हाइटनिंग' असा जोडप्रकार मिळतो. तो सोडा. स्टॅनस फ्लोराइडची पेस्ट हिरड्यांना चांगली, पण काहींच्या दातांवर तिचा तपकिरी थर बसतो. तुम्हाला आधीच रेघेची चिंता आहे, तेव्हा तुम्ही सोडियम फ्लोराइड किंवा मोनोफ्लुरोफॉस्फेटवालीच घ्या.

फ्लोराइडबद्दल थोडं थांबून सांगायला हवं, कारण 'फ्लोराइड पोर्सिलेन खातं' असं वाचून लोक बिनफ्लोराइडची पेस्ट आणतात आणि स्वतःचं नुकसान करून घेतात. व्हिनियर किडत नाही, पण त्याच्या मागचा दात तुमचाच आहे. आतली बाजू उघडी आहे, कडा उघड्या आहेत, आणि कीड लागली तर ती कडेनेच आत शिरते. तिथे फ्लोराइडच लागतं. आपल्या देशात पेस्टमध्ये १००० पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत हजार भाग) जास्त फ्लोराइड घालायला परवानगी नाही, आणि किती आहे ते नळीवर छापावं लागतं. एवढ्या प्रमाणातलं, आंबट नसलेलं फ्लोराइड पोर्सिलेनला काहीही करत नाही.

पण त्या अफवेला आग कुठून लागली तेही खरं आहे. दवाखान्यात किंवा शिबिरात ट्रेमध्ये भरून चार मिनिटं दातांवर ठेवतात ती फ्लोराइडची जेल पुष्कळदा ॲसिड्युलेटेड फॉस्फेट फ्लोराइडची असते. १.२३ टक्के, म्हणजे १२,३०० पीपीएम, आणि पीएच ३ ते ४, चांगलीच आंबट. व्हिनियर चिकटवण्याआधी त्याची आतली बाजू खरखरीत करायला आम्ही हायड्रोफ्लोरिक आम्ल वापरतो. ही जेल त्या आम्लाची चुलत बहीण समजा. ती पुढच्या बाजूला लागली की चकाकी मरते. व्हिनियर असलेल्या माणसाने ती लावून घ्यायची नाही. फ्लोराइड लावायची गरज पडलीच तर न्यूट्रल सोडियम फ्लोराइडची जेल किंवा वार्निश लावा, असं आधीच सांगायचं. दवाखाना नवा असेल तर हे आपणहून सांगा. चांगली बसलेली व्हिनियर्स पहिल्या नजरेत आम्हालाही ओळखू येत नाहीत.

आता व्हाइटनिंग. पोर्सिलेनला पांढरं करणारी पेस्ट जगात नाही. दात ब्लीच करायला वापरतात ते पेरॉक्साइड इनॅमलच्या आत शिरून तिथला रंग मोडतं, पोर्सिलेनमध्ये तोडण्यासारखा असा रंगच नसतो. तो भट्टीत भाजलेला असतो. काही पेस्टमध्ये ब्लू कोव्हेरीन नावाचा निळा रंग असतो. तो पांढऱ्या कपड्यांना नीळ देतात तसं काम करतो, दात तेवढ्यापुरते पांढरे भासतात, इतकंच. व्हिनियर बसवल्यावर दोन-चार वर्षांनी 'ते पिवळे पडले' असं वाटलं तर बहुतेक वेळा व्हिनियरवर थर साचलेला असतो. उलट तक्रार असेल, की व्हिनियर्स फारच पांढरी दिसतात, तर शेजारचे खरे दात वयाप्रमाणे पिवळे झालेले असतात. तेव्हा खरे दात दवाखान्यात ब्लीच करता येतात. ज्यांनी अजून व्हिनियर्स बसवली नाहीत त्यांना माझं सांगणं, ब्लीच करायचं असेल तर आधी करा, किमान दोन आठवडे जाऊ द्या, मग व्हिनियरचा रंग ठरवा. लगेच चिकटवलं तर दातात राहिलेल्या ऑक्सिजनमुळे सिमेंट नीट धरत नाही.

दिरांच्या कोळशाबद्दल: त्याचे कण किती जाड, हे पेस्टगणिक बदलतं, पण माझा आक्षेप वेगळाच आहे. काळी पूड सिमेंटच्या रेघेत आणि हिरडीच्या खाचेत जाऊन बसते. तपकिरी रेघेची काळी रेघ होईल. शेणीची राखुंडी आणि मशेरी यांनाही तेच लागू, मशेरीला तर वर तंबाखूही.

सासूबाईंशी भांडू नका. मीठ पोर्सिलेनपेक्षा कितीतरी मऊ आहे, ते व्हिनियरला ओरखडा पाडू शकत नाही. जाडं मीठ हिरडी सोलतं आणि त्यात फ्लोराइड नसतं, हे दोन दोष. हळद व्हिनियरवर बसत नाही, पण रेझिनवर अशी बसते की हळदीच्या या गावात आम्ही तात्पुरती प्लॅस्टिकची व्हिनियर्स लावली की पेशंटला सांगतो, आठवडाभर आमटी बेताने खा. त्यांच्या दातांना कुठे जोड नाही, तुमच्या सहा दातांना आहे. एवढाच फरक आहे.

आता गुलाबी बाटली. तुम्ही नाव लिहिलेलं नाही, पण व्हिनियर बसवल्यावर हिरडी शांत व्हावी म्हणून दिलेला गुलाबी माऊथवॉश म्हणजे बहुधा क्लोरहेक्सिडीन, ०.२ टक्के. बाटलीवर वाचून बघा. औषध उत्तम आहे, पण ते दोनेक आठवड्यांचं असतं. चार महिने दिवसातून दोनदा घेतल्यावर ते चहा-कॉफीतल्या रंगाला धरून दातावर तपकिरी थर बसवणारच, आणि सगळ्यात आधी तो हिरडीजवळच्या सिमेंटवर दिसणार. रेघ सहाही दातांना सारखीच आहे, तीही हिरडीकडच्याच बाजूला, म्हणून माझा संशय तिथे गेला. तुमच्या डॉक्टरांना फोन करून विचारा आणि त्यांनी हो म्हटलं की थांबवा. जोपर्यंत चालू आहे तोपर्यंत ब्रश केल्यावर लगेच घेऊ नका, अर्धा तास जाऊ द्या. पेस्टचा फेस करणारं द्रव्य त्याला निकामी करतं.

ब्रश मऊ केसांचाच. मुठीत धरून आडवा रेटायचा नाही, पेनसारखा धरायचा, हिरडीकडे किंचित तिरपा. पेस्ट वाटाण्याएवढी. द्राक्षांच्या दिवसात बागेत उभं राहून किलोभर द्राक्षं खाल्ली किंवा लिंबू सरबत प्यायलात तर लगेच ब्रश करू नका. व्हिनियरला काही होणार नाही, पण बाकीचे खरे दात तेवढ्या वेळापुरते मऊ झालेले असतात. आणि पेस्टने व्हिनियर तुटलेलं मी आजवर पाहिलं नाही. समोरच्या दातांनी ऊस सोलून तुटलेलं पाहिलं आहे, एकदा नाही, प्रत्येक सुगीत.

हे सगळं पोर्सिलेनबद्दल झालं. कंपोझिटची व्हिनियर्स वेगळी. ती आख्खीच रेझिनची असतात, म्हणजे पेस्टच्या दृष्टीने संबंध व्हिनियर ही कडच. एकाच बैठकीत, खुर्चीत बसल्या बसल्या, डॉक्टरांनी दातावरच घडवून दिली असतील तर ती कंपोझिट. माप घेऊन, मधले दिवस तात्पुरती लावून, लॅबमधून बनवून आणली असतील तर बहुतेक पोर्सिलेन. कंपोझिटवाल्यांनी अल्कोहोलचा माऊथवॉशही टाळावा.

आता तुमच्यासाठी. डॉक्टरांकडे जाताना पेस्टची नळी आणि माऊथवॉशची बाटली दोन्ही पिशवीत टाकून न्या, नावं सांगण्यात गफलत होते. रेघ वरवरची असेल तर पोर्सिलेनसाठीच्या पॉलिशिंग पेस्टने ती निघेल. प्युमिसची खरखरीत पेस्ट आणि बेकिंग सोड्याचा फवारा नको, आणि दात साफ करायच्या मशीनचं टोक कडेवर नको, असं मोकळेपणाने सांगा. कुणी वाईट मानत नाही. पॉलिश केल्यावर पाच दातांची रेघ गेली आणि एकाची राहिली, किंवा एका ठिकाणी फ्लॉस, म्हणजे दातांच्या फटीत फिरवायचा दोरा, अडकून त्याचे धागे निघायला लागले, तर तो डाग नव्हे, तिथली कड उघडली आहे. त्या एका दाताचा एक्स-रे काढून घ्या.